जर्मनीत नोकरीला आलात, तर युनियनला घाबरू नका

श्टुटगार्टला येऊन मला आता अकरा वर्षं झाली आणि नवीन आलेल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, दादा ते आयजी मेटालचं (मेटल उद्योगातली इथली कामगार युनियन) पत्रक मिळालंय, फॉर्म भरला तर व्हिसाला काही होईल का? काही होत नाही रे. युनियनमधे जाणं हा इथे घटनेनंच दिलेला हक्क आहे, पासपोर्ट कुठलाही असो, आणि एचआरला सांगावंही लागत नाही.

आपल्या डोक्यात युनियन म्हणजे दत्ता सामंत, 1982 चा संप आणि कायमच्या बंद पडलेल्या गिरण्या. माझा मामा त्यात घरी बसला, म्हणून मीही पहिली दोन वर्षं त्या पत्रकाला हात लावला नाही.

इथे दोन गोष्टी आहेत, त्या एक समजू नका. बेट्रिब्सराट म्हणजे कंपनीतल्याच लोकांनी दर 4 वर्षांनी निवडून दिलेली समिती, वर्गणी वगैरे काही नाही, मत तुम्हालाही आहे. ती संप करू शकत नाही, पण ओव्हरटाइम लावायचा तर तिची संमती लागते, आणि तिला आधी न विचारता कुणाला काढलं तर ते काढणंच बेकायदा, अगदी प्रोबेत्साइटमधे, म्हणजे सुरुवातीच्या प्रोबेशनमधे, असलात तरी. मात्र सगळीकडे ती असतेच असं नाही, लोकांनी निवडणूक घेतली तरच.

युनियन कंपनीच्या बाहेरची. ती पगाराचा करार, म्हणजे टारीफ, मालकांच्या संघटनेशी करते. इथल्या मेटल उद्योगात 35 तासांचा आठवडा असाच मिळाला, 1984 ला मोठा संप झाला आणि पूर्ण 35 तास व्हायला 1995 उजाडलं. नोव्हेंबर 2024 च्या करारात एप्रिल 2025 पासून 2 टक्के आणि एप्रिल 2026 पासून 3.1 टक्के वाढ ठरली. करार चालू असेपर्यंत त्या मुद्द्यांवर संप करता येत नाही, तो संपला की मग काही तासांचे इशारा संप. आयजी मेटालची वर्गणी ग्रॉस पगाराच्या 1 टक्का, हो, टोचते. जॉइन होताना कंपनीला टारीफ लागू आहे का ते विचारा, नसेल तर 40 तास आणि पगारवाढ तुमच्या बोलण्याच्या जोरावर.

आता महत्त्वाचं. मला एकदा खोलीत बोलावून समोर राजीनाम्यासारखा एक कागद ठेवला, परस्पर संमतीचा म्हणे, आजच सही करा. मी घरी वाचतो म्हटलं आणि तडक बेट्रिब्सराटकडे गेलो. सही केली असती तर बेकारी भत्ता 12 आठवडे अडकू शकला असता. काढल्याचं पत्र कागदावरच लागतं, ईमेल चालत नाही, आणि ते हातात पडल्यापासून कोर्टात जायला फक्त 3 आठवडे. युनियन वकील देते पण सभासद होऊन 3 महिने झालेले हवेत, त्यामुळे तहान लागल्यावर विहीर खणू नका.

बेट्रिब्सराटवाल्यांची नावं बहुतेक कँटीनजवळच्या बोर्डावर असतात. आमच्याकडे तो बोर्ड कॉफी मशीनच्या मागे होता, मला दिसायला आठ महिने लागले.