पायथनच्या डिक्शनरीसाठी कीचा प्रकार कसा निवडावा

डिक्शनरीत प्रत्येक मूल्य एका कीने, म्हणजे ओळखखुणेने, साठवले आणि शोधले जाते. ही की हॅश होण्याजोगी हवी, म्हणजे तिच्यावरून कायम तोच एक आकडा काढता यायला हवा; त्यामुळे बदलता येणारी लिस्ट बाद होते. तालुका आणि वर्ष मिळून नोंद ओळखायची असेल तर त्यांचा टपल, म्हणजे न बदलणारा क्रमबद्ध गट, करावा, मात्र त्याच्या पोटात लिस्ट ठेवू नये.

त्यानंतर आकड्यांकडे वळावे. ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, तो आकडा नसून मजकूर (स्ट्रिंग) आहे, असे माझे ठाम मत आहे. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक इंटिजर (पूर्णांक) केल्यास सुरुवातीचे शून्य गळते. फ्लोट (दशांश संख्या) तर वापरूच नये, कारण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ या कीपर्यंत पोहोचत नाही. १, १.० आणि ट्रू या पायथनच्या लेखी एकच की असल्याने नंतरचे मूल्य आधीचे पुसून टाकते.

‘सरळ स्ट्रिंग वापरा, अडचण येत नाही’ असे सांगणाऱ्यांनी मराठी नावांची यादी बहुधा हाताळलेली नसते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे साठवता येतो: स्वतंत्र ऱ आणि हलंत, र खाली नुक्ता देऊन हलंत, किंवा र, हलंत आणि अदृश्य झिरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे, शून्य रुंदीचे चिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. पण डिक्शनरीत त्यांच्या तीन वेगळ्या की होतात, आणि नोंदी निरनिराळ्या कीबोर्डवरून आल्या असतील तर एकाच रकान्यात ही रूपे सरमिसळ झालेली असतात.

पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ फंक्शनला एनएफसी (समतुल्य रूपे एका ठरावीक रूपात आणणारा) हा प्रकार दिल्यास पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे मात्र तसेच राहते. येथे अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकण्याचा सल्ला अजिबात मानू नये, कारण जॉइनर गेल्यावर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली नोंद समुद्रात जाते. आधी र, हलंत, जॉइनर या क्रमाच्या जागी ऱ आणि हलंत ठेवावे, मग एनएफसी करावे. हे सारे एकाच फंक्शनमध्ये लिहून की साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा तेच वापरावे. केवळ साठवताना वापरल्यास, दुसऱ्या रूपात टाइप केलेला शोध फसतो.

डिक्शनरी जेसॉनमध्ये (माहिती मजकूर म्हणून साठवण्याच्या रचनेत) जाणार असेल तर की सुरुवातीपासूनच स्ट्रिंग ठेवावी. तेथे इंटिजर की निमूटपणे स्ट्रिंग होते आणि परत वाचल्यावर ७ शोधून सापडत नाही, तर की म्हणून टपल आल्यास टाइपएरर ही चूक दाखवून काम थांबते. म्हणून टपलचे भाग नावांत कधीही न येणाऱ्या चिन्हाने जोडावेत.