वजन उतरवताना पुरणपोळी खा, पण मनाला लावून घेऊ नका

सणाला पुरणपोळी खायचीच, हे आदल्या दिवशीच ठरवून टाका. मन मारून टाळलेली पोळी बहुधा रात्री डब्यातून, उभ्याउभ्या, दुप्पट खाल्ली जाते.

सकाळचा नाश्ता चुकवू नका. कडकडून भूक लागली की अंदाज सुटतो. आधी कोशिंबीर आणि कटाची आमटी, मग पोळी. मध्यम आकाराची एक पोळी साधारण २५० ते ३०० कॅलरींची, वर चहाचा चमचाभर (५ ग्रॅम) तूप म्हणजे आणखी ४५. तूप वगळू नका, मोजून घ्या. भात मात्र तेवढा कमी वाढून घ्या.

दुसऱ्या दिवशी काटा वर गेला तर घाबरू नका. गोड आणि पिठूळ खाण्यातली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं, मिठामुळेही पाणी धरलं जातं. किलोभर चरबी वाढायला साधारण ७,७०० जास्तीच्या कॅलरी लागतात. दोन पोळ्यांत त्या नसतातच. खरं नुकसान होतं ते ‘आता बिघडलंच’ म्हणत पुढचे चार दिवस सैल सोडल्याने, किंवा शिक्षा म्हणून कडक उपास केल्याने, कारण त्यानंतर पुन्हा तुटून पडणं आलंच. पुढचं जेवण नेहमीसारखंच घ्या, वजन तीन-चार दिवसांनी करा. मधुमेह असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.