दुधाच्या पिशवीची पट्टी कशी ताणावी आणि ताणताना काय पाहावे

प्लॅस्टिकची पट्टी ओढली की ती एका जागी बारीक होते. ताण तिथेच सर्वांत जास्त, म्हणजे तुटायलाही ती तिथेच हवी. पण पॉलिथिनची पट्टी तिथे तुटत नाही. बारीक झालेला भाग टिकून राहतो आणि शेजारचा जाड भाग बारीक व्हायला लागतो. दुधाच्या रिकाम्या पिशवीवर हे घरीच पाहता येतं.

१. पिशवी धुऊन कोरडी करा. छपाई नसलेल्या भागातून, फूटपट्टी लावून धारदार ब्लेडने १ सेंमी रुंद आणि १२ सेंमी लांब पट्ट्या कापा. काही उभ्या कापा, काही आडव्या. कात्री शक्यतो नकोच. तिने काठाला बारीक खाचा पडतात आणि मग पट्टी मध्येच फाटते. फिल्म तयार होतानाच थोडी ताणली जाते, त्यामुळे उभी आणि आडवी पट्टी सारखी वागत नाही.

२. पर्मनंट मार्करने दर ५ मिमीवर आडव्या रेघा काढा. प्रयोगाची सगळी मोजमापं याच रेघांवर होणार आहेत.

३. दोन्ही टोकं एकेका पेन्सिलीवर दोन-तीन वेढे देऊन घट्ट धरा. नुसत्या बोटांतून पट्टी निसटते.

४. थोडंसंच ओढा आणि सोडा. पट्टी जवळजवळ पूर्ववत होईल. पॉलिथिनमध्ये काही भाग स्फटिकी असतो, काही अस्ताव्यस्त. स्फटिकी भागात लांबलचक रेणू साडीच्या निऱ्यांसारखे घड्या घालून बसलेले असतात. या घड्यांच्या पापुद्र्यांची जाडी साधारण १० ते २० नॅनोमीटर. (रेणू असे घडी घालतात हे ब्रिस्टल विद्यापीठातले शास्त्रज्ञ अँड्र्यू केलर यांनी १९५७ साली मांडलं.) पापुद्र्यांच्या मधला अस्ताव्यस्त भाग नेहमीच्या तापमानाला रबरासारखा मऊ असतो. सुरुवातीचा ताण मुख्यतः तोच झेलतो, म्हणून पट्टी परत येते.

५. आता सावकाश, एका गतीने ओढत राहा. एका क्षणी हाताला विरोध थोडा सैल झाल्यासारखा वाटेल आणि पट्टीला बारीक मान पडेल. इथे घाई करू नका. खरं पाहण्यासारखं आता सुरू होतं. मानेच्या दोन्ही बाजूंना उतरते खांदे दिसतील. ओढत राहिलात की मान आणखी बारीक होण्याऐवजी खांदे सरकत जातात आणि मान लांबते. आत पापुद्रे कलतात, एकमेकांवरून घसरतात, त्यांचे तुकडे होतात आणि घड्या उलगडून रेणू ओढीच्या दिशेने रांगेत लागतात. काही रेणू एकाच वेळी दोन-तीन तुकड्यांत अडकलेले असतात. ते तुकड्यांना बांधून ठेवतात. असा रांगेत लागलेला भाग मूळच्या फिल्मपेक्षा मजबूत असतो, म्हणून पुढचा ताण शेजारच्या, अजून न ताणलेल्या भागाला बारीक करतो.

६. मानेतल्या लगतच्या दोन रेघांमधलं अंतर मोजा आणि ५ मिमीने भागा. पट्टी कितीपट ताणली गेली ते कळेल. मानेत वेगवेगळ्या जागी मोजलंत तरी आकडा बराचसा सारखाच येतो. कुरकुरणाऱ्या पातळ पिशव्या बहुधा जास्त स्फटिकी, म्हणजे एचडीपीईच्या (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) असतात. त्यांत मान जास्त ठळक दिसते.

७. दुसरी पट्टी झटक्याने ओढा. ती बहुतेक वेळा लवकर तुटते, कारण पापुद्र्यांना घसरायला आणि घड्यांना उलगडायला वेळच मिळत नाही.

८. ताणलेला भाग आधी लांबीच्या दिशेने फाडा, मग आडवा. लांबीच्या दिशेने तो सहज चिरतो, आडवा फाडायला जड जातो. पार्सल बांधायची प्लॅस्टिकची सुतळी अशीच उभी चिरते, कारण ती मुद्दाम ताणूनच बनवतात. १९३० साली ड्यूपाँ या अमेरिकन रसायन कंपनीत रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटातल्या ज्युलियन हिल यांना पॉलिएस्टरचे धागे थंड असताना ताणल्यावर मजबूत होतात असं आढळलं. पुढे नायलॉनच्या धाग्यालाही हीच युक्ती कामी आली.

९. शेवटी ताणलेला तुकडा चिमट्याने धरून उकळत्या पाण्यात बुडवा. हे लहान मुलांना एकट्याने करू देऊ नका. तुकडा आखडेल. पाण्याचं तापमान या फिल्मच्या वितळणबिंदूपेक्षा, म्हणजे साधारण ११० अंशांपेक्षा, थोडंच कमी असतं. त्यामुळे रेणूंना पुन्हा विस्कटायला वाव मिळतो, पण उरलेले स्फटिक त्यांना पुरतं मागे जाऊ देत नाहीत. आखडलेल्या रेघा पुन्हा मोजून पाहा. त्या ५ मिमीपर्यंत परत आलेल्या नसतील.