मधमाशीचं मेण वापरताना या चुका टाळा

मध पिळून झाला की उरलेलं पोळं आपल्याकडे सरळ उकिरड्यावर जातं. पहिली चूक हीच. दुसरी चूक म्हणजे 'नंतर बघू' म्हणत ते पिशवीत बांधून ठेवणं. मेणपतंगाच्या अळ्या त्याचा भुगा करतात. पोळं त्याच आठवड्यात वितळवा.

सगळ्यात जास्त मेण वाया जातं ते वितळवताना. पोळ्याचं कोरडं पातेलं थेट गॅसवर ठेवू नका. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ८५ च्या पुढे गेलं की काळवंडतं, त्याचा मधाळ वास उडतो, आणि फार तापलं तर पेट घेतं. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण टाका, पाणी कधीच ओतू नका. पोळं फडक्यात बांधून हळूहळू गरम होत जाणाऱ्या पाण्यात सोडा. मेण वर तरंगतं, घाण फडक्यात राहते. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडाच्या कढईत मेण काळपट होतं. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, त्यानं मेण फेसाळून रवाळ होतं. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. आणि ते गरम पाणी मोरीत ओतू नका. आत मेण थिजलं की पाइप तुंबलाच.

टाचांच्या भेगांसाठी मलम करताना बहुतेक जण एक भाग मेणाला चार भाग तिळाचं तेल घेतात. थंडीत ते छान बसतं, पण जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात फार मऊ पडतं. उन्हाळ्यासाठी तीनच भाग तेल घ्या.

विकत घेताना फक्त पिवळा रंग बघून फसू नका. पॅराफिनलाही रंग देता येतो. तुकडा मोडून पाहा: खऱ्या मेणाची मोड रवाळ, निस्तेज दिसते आणि हातात चोळलं की मधाचा वास येतो. पॅराफिन बोटांना बुळबुळीत लागतं. जुन्या वडीवर पांढुरकी झाक आली म्हणून ती टाकू नका, ती बुरशी नव्हे. जरा ऊब दिली की जाते. काष्ठौषधींच्या दुकानात विचारा, किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांनाच सांगून ठेवा. आग्या मोहोळाच्या पोळ्यात मेण भरपूर निघतं.

गोधडीचा दोरा या मेणावरून एकदा ओढून बघा. तो गुंतत नाही, सुईही सरसर जाते. अडकणाऱ्या लाकडी खणाच्या कडांनाही तेच चोळा.