औषध कंपनीत ‘नाही’ म्हणायची नोकरी

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझा प्रोजेक्ट बंद झाला, तोही तीन ओळींच्या मेलने. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी एकदाच घेऊन भागावी, असं फॉर्म्युलेशन आम्ही नवी मुंबईच्या लॅबमध्ये सव्वा वर्ष बसवत होतो. डिझोल्यूशन, म्हणजे गोळी विरघळण्याचा वेग, जुळलं होतं; सहा महिन्यांची स्टॅबिलिटी, म्हणजे औषधाचं टिकणं, छान आली होती. आणि मेल आला: पोर्टफोलिओ कमिटीने (कोणते प्रकल्प चालू ठेवायचे हे ठरवणारी समिती) प्रकल्प थांबवायचं ठरवलं आहे, नमुने नियमानुसार जमा करावेत. त्या संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारी बसलेल्या, क्यूसीतल्या म्हणजे गुणवत्ता तपासणीतल्या काकूंनी काही न विचारता चिक्कीचा तुकडा पुढे केला.

दोन आठवड्यांनी धीर करून कमिटीतल्या मॅडमना विचारलं, ‘आमचं चुकलं कुठे?’ त्या म्हणाल्या, ‘तुमची गोळी उत्तम आहे गं. पण ती बाजारात येईपर्यंत दोनदा घ्यायची गोळी पाच-सहा कंपन्या दोन-दोन रुपयांना विकत असतील. एक वेळ वाचते म्हणून दहा रुपये कोण देणार?’ सव्वा वर्षात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पुढच्या वर्षी मी त्यांच्याच विभागात, म्हणजे कोणत्या औषधावर पैसे लावायचे आणि कोणतं थांबवायचं हे ठरवणाऱ्या इनोव्हेशन स्ट्रॅटेजीत, बदली मागून घेतली. आता हैदराबादला एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या केंद्रात हेच काम करते. बी.फार्म., एम.फार्म. झालेली मुलं विचारतात, ‘ताई, इनोव्हेशन स्ट्रॅटेजीत यायचंय, काय करू?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय.

नावावर जाऊ नका. नवनव्या कल्पना सुचवणारी माणसं मोठ्या कंपनीत हवी तेवढी असतात. तुटवडा असतो तो पैशाचा आणि पेटंटच्या वर्षांचा. पेटंट २० वर्षांचं, पण ते औषधाचा रेणू हाती आला की लगेच दाखल करावं लागतं. पुढे चाचण्या आणि मंजुरीत १०-१२ वर्षं सहज जातात. उरलेल्या वर्षांत कमवायचं, नंतर जेनेरिक, म्हणजे इतर कंपन्यांची तीच स्वस्त औषधं, येतात आणि विक्री कड्यावरून कोसळते. यालाच आमच्याकडे ‘पेटंट क्लिफ’ म्हणतात. मोठ्या कंपनीची सगळी रणनीती या एका तारखेभोवती फिरते.

फायझरचं लिपिटॉर हे याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. कोलेस्टेरॉलचं हे औषध मुळात वॉर्नर-लॅम्बर्टचं. २००० साली फायझरने ती अख्खी कंपनीच घेतली. ऐन भरात लिपिटॉरची वर्षाची विक्री १,३०० कोटी डॉलरच्या आसपास होती. अमेरिकेतलं संरक्षण नोव्हेंबर २०११ मध्ये संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वारस तयार केला गेला: टॉर्सेट्रापिब. त्यावर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च झाले. माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या, म्हणजे मंजुरीआधीच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे १५,००० रुग्णांवर चाचणी चालू असताना असं दिसलं, की औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत आहेत. डिसेंबर २००६ मध्ये सगळं थांबलं. थांबवण्याचा निर्णय बरोबरच होता, पण तो सगळ्यात महागड्या मुक्कामावर घ्यावा लागला. आमची नोकरी आहे ती हा मुक्काम अलीकडे आणण्यासाठी.

आता आकडे. २०११ ते २०२० या काळात अमेरिकेत पहिल्या टप्प्यात शिरलेल्या १०० रेणूंपैकी जेमतेम ८ औषध म्हणून बाहेर पडले. सर्वांत मोठी गळती दुसऱ्या टप्प्यात; तिथे शिरलेल्यांपैकी तीस टक्केसुद्धा पुढे गेले नाहीत. कारण सरळ आहे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध सोसवतं का एवढंच बघतात. गुण येतो का, हे दुसऱ्यात कळतं. उंदराला बरं वाटलं होतं, माणसाला वाटलं नाही, एवढीच कित्येक प्रोजेक्टची कहाणी असते.

अ‍ॅस्ट्राझेनेकाने हे दुखणं उघडपणे मांडलं. २००५ ते २०१० मध्ये त्यांच्या निवडलेल्या रेणूंपैकी फक्त ४ टक्के तिसरा टप्पा पूर्ण करून बाहेर येत होते. मग त्यांनी पाच प्रश्न ठरवले: लक्ष्य योग्य आहे का, औषध नेमक्या ऊतीपर्यंत पोचतं का, सुरक्षित आहे का, रुग्ण योग्य निवडलेत का, आणि विकलं जाईल का. प्रोजेक्टची संख्या कमी केली. २०१२ ते २०१६ मध्ये तेच प्रमाण १९ टक्क्यांवर गेलं. मला यात आवडतं ते असं, की संख्येच्या मागे धावण्याची सवय त्यांनी स्वतःच छापील स्वरूपात कबूल केली. आपल्याकडे ‘यंदा किती मॉलेक्युल घेतले’ हे अजूनही अभिमानाने सांगतात.

पण नाही म्हणायचा माज चढू नये म्हणून दुसरी गोष्ट सांगते. कीट्रूडा, कर्करोगावरचं औषध. नेदरलँड्समधल्या ऑस गावी ऑर्गेनॉन कंपनीच्या लॅबमध्ये ही अँटिबॉडी (औषध म्हणून वापरायचं प्रतिपिंड) सापडली, आणि शोध चालला होता प्रतिकारशक्ती शांत करणाऱ्या औषधाचा. मिळालं नेमकं उलट, प्रतिकारशक्ती चेतवणारं. २००७ मध्ये ऑर्गेनॉन शेरिंग-प्लाउकडे गेली, २००९ मध्ये शेरिंग-प्लाउ मर्ककडे. आपल्याकडे जिला एमएसडी म्हणतात ती. दोनदा घर बदललेल्या या अँटिबॉडीला नव्या घरात कोणी विचारेना. ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकायच्या यादीत जाऊन बसली. २०१० मध्ये ब्रिस्टल मायर्स स्क्विबच्या, अशाच प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या इपिलिमुमॅबने मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या रुग्णांचं आयुष्य वाढतं असं दाखवलं, तेव्हा मर्कमध्ये धावपळ करून यादी बदलली. सप्टेंबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. २०२४ ची विक्री होती सुमारे २,९५० कोटी डॉलर. माझ्यासारख्याच कुणीतरी, नीट मांडणी करून, पूर्ण विचाराने ते नाव त्या यादीत घातलं असणार, हे मी स्वतःला अधूनमधून बजावते.

म्हणून थांबवण्याच्या नोटमध्ये मी नेहमी एक परिच्छेद घालते: कोणती बातमी आली तर ही फाइल पुन्हा उघडायची. नवी मुलं हा परिच्छेद हमखास विसरतात.

नव्या मुलांवरून माझी फजिती आठवली. या विभागातलं माझं पहिलं काम होतं एका त्वचारोगाच्या औषधाला किती रुग्ण मिळतील हे काढणं. मी लोकसंख्येला टक्क्याने गुणलं, रंगीत तक्ता केला. आमचे सर एकेक विचारत गेले. ‘यातले डॉक्टरकडे किती जातात? गेलेल्यांपैकी किती जणांचं निदान बरोबर होतं? किती जणांचं मलमावर भागतं? इंजेक्शनला तयार किती?’ प्रत्येक प्रश्नाला माझा आकडा झिजत गेला. शेवटी विसावा हिस्सा उरला. सर म्हणाले, ‘हे खरे रुग्ण. बाकीची जनगणना.’

कायदाही असाच वाचावा लागतो. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यानुसार सरकारी विम्याच्या ठरवून घेतलेल्या किमती गोळ्यांना मंजुरीनंतर ९ वर्षांनी लागू होऊ शकतात, जैविक औषधांना (जिवंत पेशींपासून बनणारी, बहुधा इंजेक्शनने द्यायची) १३ वर्षांनी. चार वर्षांचा हा फरक प्रयोगशाळेत गोळी करायची की इंजेक्शन, इथपर्यंत पोचतो. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने औषधाला प्रक्रियेचंच पेटंट मिळायचं. २००५ पासून उत्पादनाचं मिळू लागलं.

मुंबईला हा खेळ नवा नाही. गोरेगावला सिबा या स्विस आणि मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र होतं. माइनमुळा या वनस्पतीतून फोर्स्कोलिन हे औषधी द्रव्य मुलुंडलाच वेगळं काढलं गेलं. पुढे मुलुंडचं केंद्र पिरामलकडे गेलं. केंद्राचं भवितव्य विज्ञानाइतकंच दूरच्या मुख्यालयातल्या धोरणावर ठरतं, हे तिथल्या जुन्या लोकांकडून ऐकावं. आता वारं उलटही वाहतं. जुलै २०२५ मध्ये ग्लेनमार्कच्या गटाने रक्ताच्या कर्करोगावरची आयएसबी २००१ ही अँटिबॉडी अ‍ॅबव्हीला दिली. रेणू अजून पहिल्याच टप्प्यात होता, आणि करारात ७० कोटी डॉलर सुरुवातीलाच ठरले. मोठ्या कंपन्या घरात शोधतात तसं बाहेरूनही घेतात, हे यावरून कळावं.

तर तयारी. एमबीए नसेल तरी अडत नाही; लॅबची दोन-तीन वर्षं मात्र घालवाच, नाहीतर शास्त्रज्ञ तुमचं ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. पुण्या-हैदराबादच्या सल्लागार कंपन्या आणि केंद्रांमधून बरेच जण शिरतात. एक्सेल यायलाच हवं. सर्वांत उपयोगी अभ्यास फुकट आहे: एखाद्या मोठ्या कंपनीच्या पाइपलाइनचे, म्हणजे तयार होत असलेल्या औषधांचे, लागोपाठ दोन वर्षांचे तक्ते डाउनलोड करा, शेजारी ठेवा, आणि कोणती नावं गायब झाली ते शोधा. बंद झालेल्यांची बातमी कंपनी ठळक अक्षरात देत नाही. ते का गेलं असावं, यावर एक पान लिहा. चाचण्यांच्या सरकारी नोंदी आणि अमेरिकेचं ऑरेंज बुक (मंजूर औषधं आणि त्यांच्या पेटंटची सरकारी यादी) उघडून तुमचा अंदाज तपासा. मुलाखतीला असं एक पान घेऊन आलेल्या मुलीला मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही, थेट रुजू कधी होतेस ते विचारलं.

मराठीतून लिहून बघा, असंही सांगेन. ‘अनमेट नीड’ लिहिलं की डोकं थांबतं. ‘आज या रुग्णाकडे काय नाही?’ असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं.

गेल्या महिन्यात एक प्रोजेक्ट मीच थांबवायला सांगितला. कमिटीचा मेल जाण्याआधी मी लॅबमध्ये फोन करते, हा माझा नियम. पलीकडचा मुलगा लातूरचा, नोकरीचं दुसरं वर्ष. सगळं कारण सांगून झालं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, नमुने कधी जमा करू?’

‘सोमवारी कर,’ मी म्हटलं. ‘आज लवकर घरी जा.’