भाडोत्री सापांची टोळी रचायची तर

सापांची नावं लावणाऱ्या खलनायकांची टोळी कॉमिकमध्ये आणायची असेल तर पहिल्या दिवशी पेन्सिल उचलू नका. वही उघडा आणि वर एकच प्रश्न लिहा: ही माणसं एकत्र का राहतात? विष, सुळे, शेपटी हे सगळं नंतर. एकमेकांना पाण्यात पाहणारी आठ-दहा स्वार्थी माणसं कशामुळे टिकून राहतात याचं उत्तर तुमच्याजवळ नसेल, तर तिसऱ्या पानावर तुमची टोळी म्हणजे नुसती रंगीत कपड्यांची जत्रा होते.

मी गोव्यात डिचोलीत शाळेत चित्रकला शिकवतो. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांकडून मराठीत कॉमिक करून घेतो, आणि साप हा विषय निघतोच. 2025 मध्ये कॅप्टन अमेरिका या अमेरिकन कॉमिकमधल्या नायकाच्या सिनेमात साइडवाइंडर हा सापटोळीचा म्होरक्या आला तेव्हापासून तर जास्तच. म्हणून आधी त्या मूळ टोळीकडे नीट बघू, कारण तिची बांधणी फार हुशारीची आहे.

ही टोळी, सर्पंट सोसायटी, पहिल्यांदा आली ती 1985 मध्ये, ‘कॅप्टन अमेरिका’च्या 310 व्या अंकात. लेखक मार्क ग्रुएनवाल्ड, चित्रकार पॉल नीअरी. टोळी उभारणारा साइडवाइंडर, म्हणजे सेथ व्होल्कर, हा पूर्वी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. त्याने काय केलं? सापांची नावं घेऊन सुटे सुटे गुन्हे करणाऱ्यांना बोलावलं आणि त्यांची कामगार संघटना केली. पैसे देईल त्याचं काम करायचं, मिळकत वाटून घ्यायची. आणि खरी गोम पुढेच: कोणी पकडला गेला तर साइडवाइंडर आपल्या झग्याच्या शक्तीने तुरुंगात प्रकट होणार आणि त्याला सोडवून आणणार. ही हमी असल्यामुळे ॲनाकोंडा, ब्लॅक मांबा, रॅटलर, कॉटनमाउथ, बुशमास्टर अशी मंडळी एका छपराखाली बसली. त्यांचं सुरुवातीचं मोठं काम आठवा. एआयएम या कॉमिकमधल्याच दुष्ट शास्त्रज्ञांच्या संस्थेने पैसे मोजले ते स्वतःच्याच जुन्या म्होरक्याला, मोडॉकला, मारण्यासाठी. सोसायटीने काम पुरं केलं. त्यात वैर नव्हतं, फक्त व्यवहार होता, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

टोळी मोडली तीही आतूनच. 1988 च्या अंकांत व्हायपर या बाईने आपली माणसं आत घुसवून सोसायटी बळकावली. तिला पैसा नको होता, तिला विध्वंस हवा होता. वॉशिंग्टनच्या पाण्यात असं काही मिसळलं की माणसांचे साप होऊ लागले. ग्राहक सांभाळून धंदा करणाऱ्यांना हे कसं झेपणार? डायमंडबॅक ही त्यांच्यातली हिरे फेकणारी पोरगी तर कॅप्टन अमेरिकाच्याच प्रेमात पडली होती. म्हणजे बघा, तीन गोष्टी लागतात: हमी, ग्राहक आणि आतली फट. या तिन्ही वहीत उतरल्या की मगच सापांकडे वळा.

आता साप निवडायचे. इथे माझा आग्रह ठाम आहे: आपले साप घ्या. मुलं सुरुवातीला ब्लॅक मांबा आणि ॲनाकोंडा लिहून आणतात. मी म्हणतो, पावसात सत्तरी तालुक्यात जा, चोर्ला घाटात वन खात्याच्या किंवा जाणत्या माणसाबरोबर फिरा, नाहीतर घराच्या मागच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, लांबून बघा. दरेक सापाची सवय हाच त्याचा स्वभाव आणि तीच त्याची शक्ती. वेगळं काही शोधावं लागत नाही.

फुरसे सड्यावर जांभ्या दगडाखाली असतं. डिवचलं की अंगावरचे करवती खवले एकमेकांवर घासून खर्रर्र आवाज करतं, फुत्काराची गरजच नाही. शिवाय ते आडव्या चालीने सरकतं, ज्या चालीवरून त्या अमेरिकन म्होरक्याचं नाव पडलं तीच चाल. बुटका, शीघ्रकोपी, आधी इशारा देऊन मगच वार करणारा माणूस: पात्र तयार. घोणस उलट, जाड, आळशी दिसणारी, पण तिचा फुत्कार दूरवर ऐकू येतो. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधे खळगा असतो, त्याने त्याला काळोखात गरम रक्ताच्या प्राण्याची ऊब कळते. हा तुमचा पहारेकरी. आणि मलबारी चापडा तर हिरवा, तपकिरी, पिवळा, केशरी अशा कितीतरी रंगांत सापडतो, म्हणून वेषांतर त्याच्याकडे द्या. उडता सोनसर्प फासळ्या पसरून झाडावरून झाडावर तरंगत जातो. याच्यावर मात्र फार वेळ घालवू नका, उडणारं पात्र कोणालाही सुचतं.

मण्यारीवर वेळ घालवा. रात्री निघते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. शिवाय ती इतर साप खाते. अशी बाई टोळीत असेल तर बाकीचे तिच्याशेजारी कसे जेवतील? मग कवड्या आणा. हा बिनविषारी, पण मण्यारीसारखा दिसतो आणि त्यामुळे लोकांच्या काठ्या खातो. फरक असा: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडतात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि मागे जास्त ठळक होतात. मी विषारी आहे असं सांगून टोळीत पगार घेणारा कवड्या, आणि त्याच टोळीत खरी मण्यार! अख्खी गोष्ट या दोघांवर उभी राहते.

म्होरक्या कोण? सगळी मुलं नागराज, म्हणजे किंग कोब्रा, म्हणतात. मी नको म्हणतो. नागराजाचं खाणंच साप, त्याच्या हाताखाली कोण राहील? त्याला बाहेर ठेवा, टोळीच्या मागावर असलेला एकटा म्हणून. म्होरकी धामण करा. ती बिनविषारी, वेगवान, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं राखणारी, आणि तरी नाग समजून ठेचली जाणारी. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असा आळही तिच्यावरच, जेव्हा कुठल्याच सापाला चोखून दूध पिता येत नाही. माझ्या वर्गात एका मुलीने धामणीला पतसंस्थेत हिशेब लिहिणारी बाई केली होती. न चोरलेल्या पैशांचा आळ येऊन नोकरी गेलेली. तिचं पहिलं वाक्य होतं, “आळ फुकट घेतला, आता काम पैसे घेऊन करीन.” अंगात एक थेंब विष नसलेली बाई साऱ्या विषारी लोकांना कामाला लावते, कारण हिशेब तिला येतो. साइडवाइंडरही असाच होता.

नागाबद्दल वेगळं सांगतो. आपल्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, नागपंचमीला मातीचा नाग घरात येतो, हळदीच्या पानातल्या पातोळ्या होतात. वाचणाऱ्याची आजी ज्याला हात जोडते त्याला सुपारी घेऊन माणसं मारायला लावू नका. भीती म्हणून म्हणत नाही, गोष्टीच्या सोयीसाठी म्हणतो. धामण बोलावते आणि नाग नाही म्हणतो, हा प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा भारी होतो.

मग करार लिहा, खराखुरा, एका पानाचा. कामाचे पैसे कोण ठरवणार, जखमी झाल्यास औषधपाणी कोणाचं, पकडला गेला तर काय, टोळी सोडायची असेल तर काय. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटेल असं मला आधी कोणी कोणी म्हणत, पण याच भागात वर्गात सर्वात जास्त भांडणं होतात आणि पात्रं बोलायला लागतात. फुरसे आगाऊ पैसे मागतं. मण्यार म्हणते मी फक्त रात्रपाळी करीन. कलमांतलं एक कलम पुढे मोडलं जाणार आहे, ते कुठलं हे आत्ताच ठरवून ठेवा.

ग्राहक आपल्या मातीतला हवा. डोंगराची उतरण सपाट करून प्लॉट पाडायचे आहेत, वाड्यावरची चार घरं हलत नाहीत, म्हणून कोणीतरी धामणीला पाकीट देतो. गोव्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गावाचं नाव काल्पनिक ठेवा, पण विहीर, चिरेखाण, देवराई नीट बघून काढा.

समोर सर्पमित्र उभी करणार असाल तर तिच्या हातात हूक आणि पिशवी द्या. उघड्या हाताने साप उचलणारी नायिका काढू नका, मुलं तसं करून बघतात. कोणाला साप चावला असं दाखवलंत तर चिरा देणं, रक्त चोखणं, दोरी आवळणं हे नायकाकडून मुळीच नको. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा प्रतिविष असलेल्या जवळच्या इस्पितळात न्यायचं. चौकटीत हे धावपळीसकट दाखवता येतं आणि थरारही कमी होत नाही.

आता पेन्सिल. प्रत्येक पात्र आधी नुसतं काळं भरून काढा. आतली रेघ नसताना घोणस कोण आणि फुरसे कोण हे ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर उभं राहण्याची ढब बदला, कपडे नव्हे. फुग्यातला मजकूर आधी लिहा आणि मग भोवती फुगा काढा, कारण आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळींना जागा जास्त लागते.

छपाईला खर्च नाही. एक ए-फोर कागद तीनदा दुमडून मधल्या घडीवर चीर दिली की मुखपृष्ठ, मलपृष्ठ धरून आठ पानांची पुस्तिका होते, एका बाजूची झेरॉक्स पुरते. कवड्याचं बिंग सहाव्या पानावर फोडा, कारण तिथे पान उलटावं लागतं. पाचव्याच्या शेवटच्या चौकटीत मण्यार काही बोलत नाही, फक्त त्याच्या मानेवरचे पट्टे मोजते आहे एवढंच दाखवा.