जेट ट्रेनर आखताना: शेपूट आधी, वेग नंतर

जेट ट्रेनरचा, म्हणजे वैमानिकांना शिकवायच्या जेट विमानाचा, प्रोजेक्ट हाती घेतला की पहिल्याच बैठकीत इंजिन आणि कमाल वेगावरून वाद रंगतो. वेग जमतोच. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी: शिकाऊ वैमानिकाच्या हातून विमान स्टॉल होणार (पंखाची उचल अचानक ढासळणार), स्पिनमध्ये जाणार (गरगरत खाली येणार), आणि त्यातून ते त्यालाच बाहेर काढायचंय.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं एचजेटी-36 सितारा हे जुन्या 'किरण' ट्रेनरच्या जागी यायचं मधल्या टप्प्याचं ट्रेनर. ते पहिल्यांदा उडालं 7 मार्च 2003 रोजी. पुढे स्टॉल आणि स्पिनच्या अडचणीपायी उभं शेपूट मागे सरकवावं लागलं, रडर (उभ्या शेपटीची मागची हलती फळी) वाढवावा लागला. हा बदल केलेलं विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडालं, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी सहा-सहा फेऱ्यांचा स्पिन करून बाहेर आल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. 2025 मध्ये त्याचं नाव 'यशस' झालं. शेपटीची आखणी पहिल्या आठवड्यात करा म्हणतो, ती याचसाठी.

पण शेपूट मापायला पंख हवा, म्हणून तेवढं आधी उरकू. समजा विमानाचं वजन 4,500 किलो, पंखाचं क्षेत्रफळ 17.5 चौरस मीटर आणि टोकापासून टोकापर्यंतचा विस्तार 10 मीटर धरला. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली असताना लिफ्ट गुणांक, म्हणजे पंखाच्या उचलण्याच्या क्षमतेचा आकडा, 2.0 मिळाला, तर समुद्रसपाटीला स्टॉलचा वेग येतो 45 मीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण 163 किमी प्रति तास. उतरण्याचा वेग त्याच्या 1.3 पट धरायचा: 212 किमी. हा आकडा पाहून खूश होऊ नका. हवाई दलाची हॉक जेट ट्रेनर विमानं जिथे आहेत त्या बिदरची उंची सुमारे 660 मीटर. तिथे 40 अंश तापमानात हवेची घनता 15 टक्क्यांनी उतरते, तोच वेग जमिनीच्या हिशेबाने 230 किमीच्या घरात जातो आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. धावपट्टीची लांबी याच आकड्यावर तपासा.

पंखाला टोकाकडे, पुढची कड खाली झुकेल असा, 2 ते 3 अंशांचा पीळ द्या, म्हणजे स्टॉल मुळाशी आधी सुरू होईल. टोक आधी गेलं की विमान एका अंगावर कलंडतं, आणि एलरॉन (विमान डावीकडे-उजवीकडे कलवणारी फळी) ज्या टोकाला आहे तेच टोक मेलेलं असतं. मुळाकडची विस्कटलेली हवा शेपटीवर आपटून विमान थरथरतं. ही थरथर स्टॉलच्या वेगाच्या सुमारे 10 टक्के आधी जाणवायला हवी. हा इशारा विमानाने स्वतःहून द्यावा. भोंग्यावर भिस्त ठेवू नका.

आता शेपूट. मापाची सुरुवात ठरलेल्या गुणांकांनी होते: जेट ट्रेनरसाठी आडव्या शेपटीला 0.70 आणि उभ्या शेपटीला 0.06 धरतात. गुणांकाला पंखाच्या क्षेत्रफळाने आणि जीवेने (उभ्या शेपटीसाठी विस्ताराने) गुणायचं, आणि पंखापासून शेपटीच्या अंतराने भागायचं. पंखाची सरासरी जीवा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) 1.8 मीटर आणि आडव्या शेपटीचं अंतर 4.4 मीटर असेल, तर तिचं क्षेत्रफळ 5 चौरस मीटर निघतं. उभ्या शेपटीचं अंतर 4.2 मीटर धरलं की तिला 2.5 चौरस मीटर लागतं. बहुतेक जण इथे थांबतात, आणि इथेच फसतात. हे गुणांक सरळ उड्डाणाच्या स्थिरतेपुरते खरे. स्पिनमध्ये हवा समोरून येत नाही, खालून येते, आणि आडव्या शेपटीमागची विस्कटलेली हवा थेट रडरवर चढते. रडर कितीही मोठा असो, त्या सावलीत तो नुसता पत्रा.

तपासायची रीत सोपी आहे, पट्टी आणि कोनमापक पुरे. विमानाचं बाजूचं चित्र घ्या. आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेपासून वर-मागे 60 अंशांची रेघ मारा, मागच्या कडेपासून 30 अंशांची. दोन रेघांमधली पाचर म्हणजे सावली. रडरचा किमान एक तृतीयांश भाग तिच्या बाहेर यायला हवा. येत नसेल तर उपाय मोजकेच. उभं शेपूट मागे न्या. रडर आडव्या शेपटीच्या पातळीखाली उतरवा. आडवं शेपूट पुढे सरकवा. किंवा तेच उचलून उभ्या शेपटीच्या माथ्यावर बसवा. पण मग खोल स्टॉलमध्ये पंखाची सावली त्याच्यावर पडते आणि नाक खाली करायला काहीच उरत नाही. पोटाखाली मागे दोन पाती लावूनही गरगरणं मंदावतं, मात्र मुळात चुकलेली जागा त्याने झाकली जात नाही.

वजन कुठे साठलंय हेही पाहा. जेटमध्ये ते बहुधा नाकापासून शेपटीपर्यंत लांबीत पसरलेलं असतं, पंखांत कमी. अशा विमानात स्पिनमधून निघताना एलरॉनचाही परिणाम होतो: स्पिनच्या दिशेला दिलेला मदत करतो, उलटा दिलेला घात. गुरुत्वमध्य मागे गेला की स्पिन चपटा होतो. मागच्या टोकाला जड इंजिन उशिरा बसवलं तर हेच होणार. सिताराची सुरुवातीची विमानं लार्झाक इंजिनावर उडाली, नंतर जास्त जोराचं एएल-55आय आलं. इंजिन बदलण्याची शक्यता असेल तर नाकात बॅटरी आणि उपकरणं पुढे-मागे सरकवता येतील एवढी जागा मोकळी सोडा.

मागच्या सीटवर प्रशिक्षक बसतो. त्याला धावपट्टी दिसायलाच हवी, आणि उतरताना नाक साधारण 5 अंश वर असतं. पुढच्याचं हेल्मेट त्याच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा सुमारे 20 सेंमी वर येतं. मागच्याचे डोळे त्या हेल्मेटपासून 1.35 मीटरवर असतील, तर 5 अंश खाली बघण्यासाठी आणखी 12 सेंमी हवेत. म्हणजे मागची सीट पुढचीपेक्षा 32 सेंमी उंच. एवढी उंच कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) हवेचा अडथळा वाढवते, वाढू द्या. इजेक्शनमध्ये मागचा आधी आणि पुढचा नंतर सुटतो, नाहीतर पुढच्या सीटच्या रॉकेटची ज्वाळा मागच्याच्या तोंडावर येते.

लँडिंग गिअरला कंजुषी नको. नेहमीच्या लष्करी विमानाला 3 मीटर प्रति सेकंदाने आपटणं सोसलं तरी चालतं, ट्रेनरला 4 धरा. आकडा एकनेच वाढला असं वाटतं, पण ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. आघात 3 जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) आणि शॉक शोषकाची कार्यक्षमता 0.8 धरली तर 3 मीटरच्या वेगाला शॉक शोषकाचा दांडा 19 सेंमी आत गेला तरी पुरतं, 4 मीटरला 34 सेंमी लागतात. ते 15 सेंमी चाकाच्या कप्प्यात कुठे मावणार हे आजच ठरवा. इंधनटाकी आखून झाल्यावर जागा मिळत नाही.

बाकीचं थोडक्यात. इंधनाला उलट्या उड्डाणासाठी वेगळा छोटा कप्पा द्या. थ्रॉटल झटकन पुढे ढकलला तरी इंजिन सर्ज होता कामा नये (आतली हवा उलटी फिरून ते धडधडता कामा नये), कारण शिकाऊ हात झटकाच देतो.

चाचणीत घाई नको. स्पिनच्या पहिल्या उड्डाणाआधी शेपटीला अँटी-स्पिन पॅराशूट बसवा आणि ते उघडतं, सुटतंही, हे धावपट्टीवर वेगात पळवून पाहा. एकच इंजिन असेल तर स्पिनमध्ये ते विझेल असं गृहीत धरून बॅटरीवरचा हायड्रॉलिक पंप तपासा. गुरुत्वमध्य पुढे ठेवून एका फेरीने सुरुवात करा, मग दोन, मग तीन. सहा झाल्यावरच तो मागे सरकवा आणि पुन्हा एकपासून. बाहेर यायला दीड-दोन फेऱ्यांपेक्षा जास्त लागल्या तर त्या दिवशीचं उड्डाण तिथेच थांबवा आणि पुन्हा ते बाजूचं चित्र काढा.